पिंपात काय आहे? सॉल्व्हंटच्या सीमाशुल्क वर्गीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

औद्योगिक सॉल्व्हंटची (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांची) आयात किंवा निर्यात करताना एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, कसा ठरवावा, याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. रंग, शाई, चिकटद्रव्ये आणि औषधे बनवणारे लहान-मध्यम कारखानदार त्यांत जास्त आहेत. माल न्हावा शेव्याला उतरल्यावर कोडाचा प्रश्न निघतो आणि मग सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) भाडे, कंटेनरचे डिटेन्शन (तो उशिरा परत केल्याचा आकार) आणि कारखान्यातला खोळंबा असे तिहेरी नुकसान सोसावे लागते, ही तक्रार जवळपास प्रत्येक पत्रात आहे. यातले बरेचसे नुकसान टाळण्याजोगे असते, म्हणून निवडक प्रश्नांना थोडी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही भिवंडीत लाकडी फर्निचरच्या पॉलिशसाठी लागणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर विकतो. आयात होणाऱ्या थिनरमध्ये टोल्युइन ५५ टक्के, एथिल ॲसिटेट २० टक्के, आयसोप्रोपिल अल्कोहोल १५ टक्के आणि ब्यूटिल सेलोसॉल्व्ह १० टक्के आहे. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर ३८१४ लिहिले आहे. आमचे भागीदार म्हणतात की निम्म्याहून अधिक टोल्युइन असल्यामुळे २९०२ ३० लावायला हवा. कोणाचे बरोबर?

उत्तर : ३८१४ बरोबर आहे, आणि आपल्या टॅरिफमध्ये आठ अंकी नोंद ३८१४ ०० १० ही येईल. मात्र पुरवठादाराने लिहिले म्हणून ते बरोबर ठरत नाही. २०११ पासून आपल्याकडे स्वयं-आकारणीची पद्धत आहे आणि बिल ऑफ एन्ट्रीत (आयातीच्या घोषणापत्रात) लिहिलेल्या कोडाची जबाबदारी आयातदाराची असते. अधिकाऱ्याने विचारल्यास कारण आपल्यालाच सांगावे लागेल, म्हणून ते नीट समजून घ्या.

सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत चॅप्टर २९ हा सेंद्रिय रसायनांचा आहे. त्या चॅप्टरच्या पहिल्याच टिपेत म्हटले आहे की, तेथील हेडिंगमध्ये (चार अंकी शीर्षकांत) स्वतंत्र आणि निश्चित रासायनिक रचना असलेली संयुगेच येतात, मग त्यांत अशुद्धी असोत वा नसोत. म्हणजे पिंपात एकटे टोल्युइन असेल तर २९०२ ३०, एकटा एथिल ॲसिटेट असेल तर २९१५ ३१, एकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर २९०५ १२ २० आणि एकटा ब्यूटिल सेलोसॉल्व्ह असेल तर २९०९ ४३. हे चार पदार्थ मुद्दाम एकत्र मिसळले की ते मिश्रण कोणतेही एक संयुग राहत नाही आणि चॅप्टर २९ चे दार बंद होते. उलट बाजूने चॅप्टर ३८ ची पहिली टीप स्वतंत्र संयुगांना तेथे येऊ देत नाही. ३८१४ या हेडिंगचे शब्द आहेत ‘अन्यत्र निर्देशित न केलेले सेंद्रिय संमिश्र सॉल्व्हंट आणि थिनर’, आणि आपला माल त्या शब्दांत चपखल बसतो.

आपल्या भागीदारांचा तर्क बहुधा अर्थनिर्णयाच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम ३(ख) मधून आला असावा, ज्यात मिश्रणाला त्याचे मूलभूत स्वरूप देणाऱ्या घटकानुसार वर्गीकृत करायला सांगितले आहे. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. नियम ३ ची पाळी नियम १ ने उत्तर मिळत नसेल तेव्हाच येते. नियम १ सांगतो की वर्गीकरण हेडिंगच्या शब्दांवरून आणि चॅप्टरच्या टिपांवरून करायचे. येथे त्याच पायरीवर उत्तर मिळाले आहे, त्यामुळे कोणता घटक किती टक्के आहे याची तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

टक्केवारीचाच आणखी एक गैरसमज येथे दूर करतो. २७१० या हेडिंगमध्ये वजनाने ७० टक्के किंवा अधिक पेट्रोलियम तेल असलेली मिश्रणे येतात, हे अनेकांना पाठ असते. त्यामुळे ७५ टक्के एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) आणि २५ टक्के ब्यूटिल ॲसिटेट असलेल्या थिनरलाही ते २७१० मध्ये टाकतात. पण २७१० मधील ती तरतूददेखील ‘अन्यत्र निर्देशित न केलेल्या’ मिश्रणांपुरती आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये ३८१४ खाली स्पष्ट लिहिले आहे की, पेट्रोलियम तेल ७० टक्के किंवा त्याहून जास्त असले तरी संमिश्र सॉल्व्हंट आणि थिनर याच हेडिंगमध्ये येतात. या टिपा कायदा नाहीत, पण आपली न्यायालये आणि न्यायाधिकरणे त्यांना मोठे वजन देतात. आपल्या फाइलमध्ये त्या पानाची प्रत लावून ठेवा.

प्रश्न : मिक्स्ड झायलीन आणि टोल्युइन हे दोन्ही पदार्थ कधी चॅप्टर २९ मध्ये तर कधी चॅप्टर २७ मध्ये दाखवलेले दिसतात. एकाच पदार्थाला दोन कोड कसे? (रोहा)

उत्तर : कारण व्यापारात एकाच नावाने दोन वेगळ्या दर्जांचा माल फिरतो. कोळशाच्या डांबरापासून किंवा पेट्रोलियमपासून मिळणारा कच्चा सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी वलयरचना असलेला) अंश २७०७ मध्ये जातो, तेथे त्याची नावे बेंझॉल, टोल्युऑल आणि झायलॉल अशी आहेत. शुद्ध केलेला पदार्थ २९०२ मध्ये येतो. सीमारेषा स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये आहे: बेंझिन, टोल्युइन आणि झायलीन यांची शुद्धता वजनाने ९५ टक्क्यांहून कमी असेल तर २९०२ लागू होत नाही. झायलीनच्या बाबतीत ऑर्थो, मेटा आणि पॅरा हे तिन्ही समघटक (सूत्र तेच, रचना वेगळी असलेले पदार्थ) एकत्र मोजले जातात, आणि त्यांच्या मिश्रणाला २९०२ ४४ असा स्वतंत्र उपशीर्षक क्रमांक आहे.

टोल्युइनच्या बाबतीत हा प्रश्न सहसा सुटतो, कारण बाजारातील बहुतेक माल ९५ टक्क्यांच्या बराच वर असतो. झायलीनचे तसे नाही. सॉल्व्हंट म्हणून विकल्या जाणाऱ्या मिक्स्ड झायलीनमध्ये एथिलबेंझिनचे प्रमाण कधीकधी १५ ते २० टक्के असते. एथिलबेंझिनचे रेणुसूत्र झायलीनसारखेच आहे, म्हणून ते समघटकच आहे असा युक्तिवाद करता येतो. टॅरिफने त्याला २९०२ ६० असा वेगळा क्रमांक दिला आहे, म्हणून त्याला झायलीनच्या ९५ टक्क्यांत धरू नये असाही युक्तिवाद करता येतो. नियमितपणे मोठी आयात करणाऱ्याने अशा मालासाठी आगाऊ निर्णय (वर्गीकरणाविषयी सीमाशुल्क प्राधिकरणाकडून आयातीपूर्वीच मिळणारा निर्णय) घेऊन ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची पद्धत पुढे एका उत्तरात दिली आहे.

प्रश्न : आम्ही तारापूरला रंग बनवतो. एमटीओ, लो ॲरोमॅटिक व्हाइट स्पिरिट आणि सी-९ (सुगंधी हायड्रोकार्बनचे मिश्रण) अशी तीन सॉल्व्हंटे लागतात. तिन्ही पेट्रोलियमपासूनच बनतात, मग तिघांचे कोड वेगळे का? आमच्या एका कन्साइनमेंटचा नमुना प्रयोगशाळेत गेला असून केरोसीन असल्याची शंका घेतली गेली आहे, त्यामुळे मोठी काळजी लागली आहे.

उत्तर : आपली काळजी समजण्यासारखी आहे, आणि हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्नही आहे. एकट्या संयुगाला ठराविक सूत्र असते, पण पेट्रोलियमच्या अंशात शेकडो हायड्रोकार्बन असतात. त्यामुळे टॅरिफ येथे दोन गोष्टी विचारतो: सुगंधी घटक जास्त आहेत की बिगरसुगंधी, आणि तापवल्यावर कोणत्या तापमानाला किती भाग उडतो.

सी-९ चे उत्तर पहिल्या प्रश्नातच मिळते. त्यात सुगंधी घटकांचे वजन बिगरसुगंधी घटकांहून जास्त असते, म्हणून ते २७१० मध्ये न जाता २७०७ मध्ये जाते. २५० अंश सेल्सिअसपर्यंत आकारमानाने ६५ टक्के किंवा अधिक भाग उर्ध्वपातित होत असेल तर २७०७ ५०. सी-९ साधारण १६० ते १८० अंशांच्या पट्ट्यात उकळत असल्याने ही अट ते सहज पूर्ण करते. एमटीओ आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बिगरसुगंधी घटक जास्त असतात, म्हणून ती दोन्ही २७१० मध्ये राहतात.

आता २७१० च्या आत हलके तेल कोणते आणि इतर कोणते, हे चॅप्टर २७ च्या उपशीर्षक टीप ४ वरून ठरते. २१० अंश सेल्सिअसपर्यंत, घट धरून, आकारमानाने ९० टक्के किंवा अधिक भाग उर्ध्वपातित झाला तर तो माल हलके तेल, म्हणजे २७१० १२ खाली. नाहीतर २७१० १९ खाली. आपल्या टॅरिफमध्ये हलक्या तेलांच्या खाली सॉल्व्हंटच्या काही श्रेणी आयएस १७४५ या भारतीय मानकाच्या आधाराने नोंदवलेल्या आहेत. १४५ ते २०५ अंशांत उकळणारे एमटीओ पहिल्या गटात येते. १८० ते २४० अंशांत उकळणारे लो ॲरोमॅटिक व्हाइट स्पिरिट मात्र दुसऱ्या गटात पडते, आणि केरोसीनशी त्याचे साम्य येथूनच सुरू होते.

चाचणी कशी होते हे मी आयातदारांना नेहमी प्रत्यक्ष पाहायला सांगतो, कारण त्यानंतर अहवाल वाचण्याची दृष्टीच बदलते. एएसटीएम डी ८६, म्हणजेच आयएसओ ३४०५ पद्धतीत बरोबर १०० मिलिलिटर नमुना काचेच्या गोल चंबूत घेतात. वर थर्मामीटर, बाजूला थंड नळी आणि नळीच्या टोकाखाली मोजपात्र. नळीच्या टोकातून पहिला थेंब पडतो त्या क्षणाचे तापमान म्हणजे प्रारंभिक उत्कलनांक. मग मोजपात्रात दहा, पन्नास, नव्वद मिलिलिटर जमताना तापमान नोंदवत जातात. शेवटी चंबूत उरलेला थोडा अवशेष मोजतात, आणि जमलेला भाग व अवशेष यांची बेरीज १०० तून वजा केली की जी रक्कम उरते ती घट. टॅरिफमधील ‘घट धरून’ हे दोन शब्द येथे निर्णायक ठरू शकतात. समजा, २१० अंशांना मोजपात्रात ८९ मिलिलिटर जमले आहेत आणि एकूण घट १.२ मिलिलिटर आहे. नुसता जमलेला आकडा पाहिला तर माल हलके तेल नाही. घट धरली की ९०.२ होतात आणि तोच माल २७१० १२ मध्ये जातो. आपल्या अहवालात घटीचा आकडा स्वतंत्र दिलेला आहे का, ते आधी पाहा.

केरोसीनच्या शंकेविषयी. केरोसीनच्या आयातीवर धोरणात्मक बंधने आहेत. ती कोणालाही खुलेपणाने आणता येत नसल्यामुळे, तिच्याशी साम्य असलेला माल सॉल्व्हंटच्या नावाने येतो का, याकडे अधिकारी बारकाईने पाहतात, आणि ते त्यांचे कामच आहे. पण उत्कलनांकाचा पट्टा जुळला, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकेल असे किमान तापमान) जवळपास आला, एवढ्यावरून माल केरोसीन ठरत नाही, कारण केरोसीनचे स्वतःचे मानक आयएस १४५९ असून त्याचे निकष अनेक आहेत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅस्ट्रेड इंटरनॅशनल विरुद्ध सीमाशुल्क आयुक्त, कांडला या प्रकरणात बेस ऑइल म्हणून घोषित केलेल्या मालाविषयी असाच वाद तपासला. त्यात माल हाय स्पीड डिझेल आहे असा खात्याचा दावा होता. संबंधित मानकाच्या सगळ्या निकषांवर चाचणी न होता काही निकषांवरूनच काढलेला निष्कर्ष तेथे टिकला नाही. हा निर्णय डिझेलविषयी असला तरी त्यातली विचारपद्धती आपल्याला उपयोगी आहे.

त्यामुळे अहवाल हातात येताच तीन गोष्टी तपासा. कोणकोणत्या निकषांवर चाचणी झाली, प्रत्येक निकषाचा आकडा दिला आहे की नुसते मत दिले आहे, आणि ते मत कोणत्या मानकाशी तुलना करून दिले आहे. शंका असल्यास उरलेल्या सीलबंद नमुन्याच्या पुनर्चाचणीसाठी लेखी अर्ज लगेच द्या. अहवालाला आठवडे उलटल्यावर केलेल्या अर्जाला कोणी फारसे महत्त्व देत नाही. दरम्यान माल अडकून राहू नये म्हणून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १८ खाली बाँड आणि सुरक्षा देऊन तात्पुरत्या आकारणीची मागणी करता येते. मात्र माल बंधनाखालील वस्तू असल्याची गंभीर शंका असेल तर ती सहजी मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : लातूर भागातील आमचा सोयाबीन तेल गाळप कारखाना हेक्झेन वापरतो. हेक्झेन हे निश्चित संयुग असताना ते २९०१ मध्ये का धरत नाहीत?

उत्तर : शुद्ध एन-हेक्झेन असेल, तर २९०१ १० योग्य. पण तेल काढण्यासाठी वापरले जाणारे हेक्झेन पेट्रोलियमच्या एका अरुंद पट्ट्यातून वेगळे केलेले असते आणि त्यात एन-हेक्झेनबरोबर मेथिलपेंटेनसारखे समघटक बऱ्याच प्रमाणात असतात. चॅप्टर २९ ची टीप १(ख) एकाच संयुगाच्या समघटकांच्या मिश्रणाला आत घेते, मात्र शृंखलाबद्ध हायड्रोकार्बनच्या समघटकांचे मिश्रण स्पष्टपणे बाहेर काढून चॅप्टर २७ कडे पाठवते, अपवाद फक्त त्रिमितीय समघटकांचा. फूड ग्रेड हेक्झेनसाठी आयएस ३४७० हे मानक आहे. पण ‘फूड ग्रेड’ हा शब्द शुद्धतेचा आणि वापराचा आहे, त्यावरून हेडिंग बदलत नाही.

प्रश्न : आमच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ३० टक्के पाणी आहे, आणि मेथिलीन डायक्लोराइडमध्ये पुरवठादार स्थिरीकारक घालतो. हे ‘मिश्रण’ झाले म्हणून ३८१४ मध्ये टाकावे काय?

उत्तर : नाही. चॅप्टर २९ ची पहिली टीप पाण्यात विरघळवलेल्या संयुगाला तेथेच ठेवते, आणि साठवणीसाठी किंवा वाहतुकीसाठी आवश्यक असलेल्या स्थिरीकारकालाही मुभा देते. म्हणून पहिला पदार्थ २९०५ १२ २० आणि दुसरा २९०३ १२ असाच राहतो.

मुभेची मर्यादा मात्र ध्यानात घ्या. अशुद्धी म्हणजे निर्मितीत अपरिहार्यपणे राहिलेले पदार्थ. माल एखाद्या विशिष्ट उपयोगाला अधिक योग्य व्हावा म्हणून एखादा पदार्थ मुद्दाम आत ठेवला, तर तो अशुद्धी राहत नाही. स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये दिलेले उदाहरण सॉल्व्हंटचेच आहे: मेथिल ॲसिटेटमध्ये ते सॉल्व्हंट म्हणून अधिक चांगले चालावे यासाठी मेथॅनॉल मुद्दाम राहू दिले असेल, तर ते चॅप्टर २९ मधून बाहेर पडून ३८१४ मध्ये जाते. पुरवठादाराला विचारायचा प्रश्न म्हणून हा आहे की ते मेथॅनॉल राहिले, की ठेवले.

याच ओघात इथेनॉलविषयीही एक सूचना. रसायनशास्त्राच्या दृष्टीने इथेनॉल अल्कोहोल असले तरी चॅप्टर २९ ची दुसरी टीप त्याला बाहेर ठेवते. विकृत केलेले स्पिरिट सॉल्व्हंट म्हणून आणले तरी ते २२०७ २० मध्येच येते.

प्रश्न : ॲक्रिलिक रेझिन झायलीनमध्ये विरघळवून येते. त्यात ४५ टक्के रेझिन आणि ५५ टक्के झायलीन आहे. हे रेझिन की सॉल्व्हंट? (नाशिक)

उत्तर : टॅरिफच्या दृष्टीने तो रंग किंवा वार्निश आहे. चॅप्टर ३२ च्या टीप ४ नुसार ३९०१ ते ३९१३ मधील पदार्थ उडून जाणाऱ्या सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेले असतील आणि सॉल्व्हंटचे वजन द्रावणाच्या ५० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते ३२०८ मध्ये येते. सॉल्व्हंट ५० टक्के किंवा कमी असेल तर ३९०६. आपल्या पदार्थाचे घन प्रमाण लॉटनुसार ४८ ते ५२ टक्क्यांत फिरत असेल, तर प्रत्येक लॉटचा सीओए (पुरवठादाराचे चाचणी प्रमाणपत्र) पाहूनच बिल ऑफ एन्ट्री भरा.

प्रश्न : माल धोकादायक वर्गात येतो म्हणून शिपिंग लाइन यूएन १२६३ लिहिते, पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) वेगळी परवानगी लागते, आणि सीमाशुल्काचा कोड वेगळा. यांचा मेळ कसा घालायचा?

उत्तर : मेळ घालण्याची गरज नाही, कारण या तिन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. यूएन १२६३ म्हणजे ‘रंग किंवा रंगाशी संबंधित पदार्थ’ हा वाहतुकीच्या धोक्याचा क्रमांक आहे. पेसो, ज्याचे मुख्यालय नागपुरात आहे, ज्वालाग्राही द्रवांची विभागणी फ्लॅश पॉइंटवरून करते: २३ अंशांखाली वर्ग अ, त्यापुढे ६५ पर्यंत ब आणि त्यापुढे ९३ पर्यंत क. यांपैकी कशावरूनही एचएस कोड निघत नाही. फक्त सर्व कागदांवर मालाचे वर्णन एकमेकांशी विसंगत नसावे, कारण सुरक्षा पत्रकावर ‘पेंट थिनर’ आणि बिल ऑफ एन्ट्रीत ‘टोल्युइन’ असे दिसले की माल उघडून पाहिला जातो.

वर्णनाच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने एक चांगले पाऊल उचलले. ठराविक चॅप्टरमधील रसायनांसाठी आयातीच्या घोषणेत आययूपीएसी नाव (आंतरराष्ट्रीय पद्धतीचे रासायनिक नाव) आणि कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा नोंदणी क्रमांक) मागितले जाऊ लागले. ॲसिटोनचा ६७-६४-१, टोल्युइनचा १०८-८८-३, एमईकेचा (मेथिल एथिल कीटोनचा) ७८-९३-३. नावे दहा प्रकारे लिहिता येतात, क्रमांक मात्र एकच असतो. मिश्रण असेल तर पुरवठादाराकडून प्रत्येक घटकाचा कॅस क्रमांक आणि टक्केवारी ऑर्डर देतानाच लेखी मागा. ‘ही आमची गोपनीय रचना आहे’ असे उत्तर आले तर त्या पुरवठादाराकडून घेण्यापूर्वी दोनदा विचार करा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका छोट्या कारखान्याची ८० पिंपे सीएफएसमध्ये उघडली गेली तेव्हा मी तेथे होतो. इन्व्हॉइसवर ‘क्लीनिंग सॉल्व्हंट’ एवढेच लिहिले होते. अधिकाऱ्याने पिंपाचे बूच काढून लांब काचेची नळी तळापर्यंत सोडली, वरून अंगठ्याने बंद करून बाहेर काढली आणि नमुना बाटलीत ओतला. बाटलीला लाख लावून सील केले, लेबलवर सह्या झाल्या. त्याच वेळी माझे लक्ष पिंपावरच्या छापील लॉट क्रमांकाकडे गेले. सीओएवरील क्रमांक वेगळा होता. पुरवठादाराने दुसऱ्याच लॉटचा सीओए पाठवला होता. माल शेवटी योग्यच निघाला, ३८१४ मान्य झाला, पण सात आठवडे गेले आणि त्या तरुण उद्योजकाने त्या काळातले भाडे कर्ज काढून भरले. बाटलीवर सही करताना त्याचा हात थरथरत होता, ते मला अजून आठवते. लॉट क्रमांक जुळवून पाहायला दोन मिनिटे लागतात. माल जहाजावर चढण्यापूर्वीच ती काढा.

प्रश्न : कुरकुंभ येथून आम्ही औषध कारखान्यांतील वापरलेले सॉल्व्हंट शुद्ध करून निर्यात करतो. परदेशी खरेदीदार त्यांच्या देशाचा दहा अंकी कोड शिपिंग बिलावर (निर्यातीच्या घोषणापत्रावर) लिहायला सांगतात. लिहावा काय?

उत्तर : शिपिंग बिलावर भारतीय आठ अंकी कोडच लिहावा लागतो. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. खरेदीदाराचा कोड इन्व्हॉइसच्या खाली संदर्भ म्हणून देता येईल. पहिल्या सहा अंकांतच फरक दिसत असेल तर मात्र थांबा, कारण दोघांपैकी एकाने माल चुकीचा समजून घेतला आहे. आरओडीटीईपी आणि ड्रॉबॅक (निर्यात मालावरील शुल्क-करांच्या परताव्याच्या योजना) यांपैकी पहिली आठ अंकी कोडाशी बांधलेली आणि दुसरीचे दर चार अंकी हेडिंगशी जुळवलेले असल्याने चुकीच्या कोडावर घेतलेला लाभ पुढे व्याजासह परत करावा लागतो.

आपल्या मालाबाबत महत्त्वाचा प्रश्न असा की शुद्धीकरणानंतर तो नेमका काय उरतो. ऊर्ध्वपातन करून मिळालेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुन्हा वापरलेला असला तरी २९०५ मध्ये जाऊ शकतो. शुद्ध न केलेले टाकाऊ सॉल्व्हंट ३८२५ मध्ये येते. हॅलोजनयुक्त असेल तर ३८२५ ४१, इतर असेल तर ३८२५ ४९. तेथे २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू होतात आणि सीमेपलीकडे नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. मधल्या अवस्थेतला, म्हणजे दोन-तीन सॉल्व्हंटचे अवशेष असलेला माल ‘रिकव्हर्ड सॉल्व्हंट’ या एका शब्दावर कधीही पाठवू नका. गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल सोबत जोडा.

ॲसिटोन, एमईके, टोल्युइन आणि एथिल ईथर हे अमली पदार्थांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारातील दुसऱ्या तक्त्यात आहेत, हेही निर्यातदारांनी ध्यानात ठेवावे. निर्यातीपूर्वी ना-हरकत लागते का, याची चौकशी ग्वाल्हेर येथील नार्कोटिक्स आयुक्तांच्या कार्यालयाकडे करून घ्यावी. काही खरेदीदार देश आयातीच्या बाजूनेही परवाना मागतात.

प्रश्न : दोन वर्षे आम्ही एक संमिश्र सॉल्व्हंट चॅप्टर २९ मध्ये दाखवत आलो. आता चूक लक्षात आली आहे. गप्प बसावे की सांगावे? आणि पुढच्या आयातींसाठी खात्री कशी मिळवावी?

उत्तर : सांगावे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली कमी भरलेल्या शुल्काच्या मागणीची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे. पण माहिती लपवल्याचे किंवा जाणूनबुजून चुकीचे सांगितल्याचे सिद्ध झाले तर ती पाच वर्षांची होते, आणि कलम ११४अ खाली शुल्काइतकाच दंड लागू शकतो. नोटीस येण्यापूर्वी स्वतःहून शुल्क आणि व्याज भरले, तर प्रामाणिक चुकीच्या प्रकरणात नोटीस आणि दंड टळू शकतो. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणून मालाच्या सुटकेनंतर नोंदीत स्वेच्छेने दुरुस्ती करण्याची सोयही केली आहे. कोणत्या बिलांना कोणता मार्ग लागू होतो, हे आपल्या कस्टम ब्रोकरांबरोबर तारखा समोर ठेवून ठरवा.

पुढच्या आयातींसाठी आगाऊ निर्णयाचा मार्ग आहे. २०२१ पासून मुंबई आणि दिल्ली येथे सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणे काम करत आहेत, मुंबईचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. शुल्क १०,००० रुपये असून तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद आहे. निर्णय आपल्यावर आणि संबंधित आयुक्तांवर बंधनकारक असतो आणि कायदा किंवा वस्तुस्थिती न बदलल्यास ठराविक मुदतीपर्यंत लागू राहतो. मात्र तोच प्रश्न एखाद्या अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे आधीच प्रलंबित असेल तर अर्ज घेतला जात नाही. म्हणून जुन्या बिलांवर नोटीस निघण्याची वाट न पाहता अर्ज करा, आणि त्यासोबत संपूर्ण रचना, निर्मितीची पद्धत, कॅस क्रमांक आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल द्या. अर्जात एखादा घटक ‘इतर ३ टक्के’ असा मोघम ठेवला आणि पुढे तो वेगळा निघाला, तर वस्तुस्थिती बदलली या कारणाने तो निर्णय आपल्या उपयोगी पडणार नाही.